विश्लेषण : पालघरमधला सिकलसेल आणि हिमोग्लोबिनचे भाऊबंद

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू अशा तालुक्यांत सिकलसेलची तपासणी होते, तेव्हा बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घेतला जातो. पुढे हातात येणाऱ्या अहवालावर 'एए', 'एएस' किंवा 'एसएस' लिहिलेलं असतं. 'एए' म्हणजे निरोगी, 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. पालघर जिल्ह्यातल्या वारली, कोकणा, कातकरी अशा समाजांत हा आजार आढळतो. विदर्भात तो आदिवासींबाहेरच्या समाजांतही आहे.

या आजाराची एक गोष्ट विचित्र वाटते. तो जन्मापासून असतो, पण बाळ पहिले सहा महिने सहसा ठणठणीत असतं. दोष असूनही तो इतके दिवस लपतो कुठे? त्याचं उत्तर प्रथिनांच्या नातेसंबंधांत आहे. शास्त्रज्ञ या नात्याला 'प्रोटीन सुपरफॅमिली' म्हणतात.

सुपरफॅमिली म्हणजे नेमकं काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ही माळ स्वतःभोवती घडी घालून एक ठरावीक आकार घेते आणि तो आकारच तिचं काम ठरवतो. कधीतरी एखाद्या जनुकाची चुकून दुसरी प्रत तयार होते. मग दोन्ही प्रती पिढ्यान् पिढ्या वेगवेगळ्या बदलत जातात. काही कोटी वर्षांनी माळेतले मणी ओळखू येणार नाहीत इतके बदलतात, घडी मात्र बरीचशी तशीच राहते.

आपल्याकडे एखादं घराणं चार गावांत पांगतं, आडनावं बदलतात, कुणी मासेमारी करतं, कुणी शेती. पण कुलदैवत विचारलं की कळतं, मूळ एकच. प्रथिनांच्या बाबतीत घडी म्हणजे हे कुलदैवत. 'सुपरफॅमिली' हा शब्द १९७०च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ मार्गारेट डेहॉफ यांनी रूढ केला.

हिमोग्लोबिन ज्या घराण्यातलं आहे त्याचं नाव ग्लोबिन. त्याचे भाऊबंद पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, पालघरचा बाजार पुरतो. सातपाटीचा पापलेट कापला तर मांस पांढरं दिसतं आणि कुपा कापला तर लालभडक. सतत लांब पोहणाऱ्या कुप्याच्या स्नायूंत मायोग्लोबिन ठासून भरलेलं असतं, ते ऑक्सिजन साठवतं. आपल्या स्नायूंतही तेच आहे. वालाचं रोप उपटून मुळांवरची ताजी गाठ चिरली, तर आत गुलाबी रंग दिसतो. तो लेगहिमोग्लोबिनचा. गाठीतल्या जिवाणूंना नत्र बांधण्यासाठी ऑक्सिजन मोजूनमापून लागतो, तो हे प्रथिन पुरवतं. वनस्पतीतही हिमोग्लोबिनचा नातेवाईक असतो, हे मला हा लेख लिहीपर्यंत खरं वाटत नव्हतं!

माणसाचं मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनची साखळी यांच्यातली जेमतेम पाव अमिनो आम्लं जुळतात. तरी जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनचा आणि मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनचा आकार शोधला, तेव्हा घडी जवळपास सारखीच निघाली. दोघांना १९६२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या पेशींत अशी घराणी पुष्कळ आहेत. प्रतिपिंडं इम्युनोग्लोबुलिन घराण्यातली. पेशीबाहेरचा निरोप आत पोहोचवणाऱ्या जीपीसीआर घराण्यात सुमारे ८०० सदस्य आहेत. गोळी घेतल्यावर तिची विल्हेवाट लावण्यात यकृतातल्या सायटोक्रोम पी-४५० घराण्याचा मोठा वाटा असतो. त्याची ५७ जनुकं माणसात आहेत. तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. त्यांच्या बऱ्याच मालाची शेवटची गाठ याच घराण्याशी पडते.

एका मण्याची चूक

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त सहावं बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६ मध्ये हे दाखवलं. ऑक्सिजन सोडल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत अडकतं, त्यातून लांब ताठ दोरे तयार होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं-सांधे असह्य दुखतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी.

कारखान्यांमुळे होतो का?

बोईसर-तारापूर म्हटलं की हा प्रश्न स्वाभाविक आहे. एका बाजूला रसायनांचे कारखाने, दुसरीकडे १९६९ पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र. पण सिकलसेल हवा-पाण्यातून किंवा किरणोत्सर्गातून होत नाही. तो आई आणि वडील दोघांकडून येतो. मूळ बदल काही हजार वर्षं जुना आहे. भारतात तो १९५२ मध्येच निलगिरीच्या आदिवासींत नोंदवला गेला होता, तेव्हा इथे अणुभट्टी नव्हती. जिथे मलेरिया जास्त, तिथे तो टिकला, कारण 'एएस' वाहकाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं.

कामाच्या जागेचा संबंध मात्र आहे. शरीरातलं पाणी कमी झालं, ताप आला, फार थंडी लागली की रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो. वीटभट्टीवर किंवा कारखान्यात उष्णतेत काम करणाऱ्या 'एसएस' माणसाला वेळेवर पाणी आणि विसावा मिळणं हा उपचाराचाच भाग आहे. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी अहवाल पाहण्याचा आग्रह यासाठी.

आणि ते सहा महिने?

गर्भात बीटाचं काम तिचा भाऊ करतो, गॅमा. अकराव्या गुणसूत्रावर ही जनुकं एकाच रांगेत बसलेली आहेत. गॅमाच्या साखळीत तो दोष नाही आणि ती असलेलं फीटल हिमोग्लोबिन दोऱ्यांत नीट गुंफलंच जात नाही. जन्मानंतर गॅमा मागे हटते, बीटा ताबा घेते आणि आजार दिसू लागतो.

मग गॅमाला परत कामाला लावलं तर? हायड्रॉक्सियुरिया ही कॅप्सूल मुख्यतः हेच करते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायची असते. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मंजूर केलेली 'कॅसजेव्ही' ही जनुकसंपादनाची उपचारपद्धतीही गॅमाला दाबणारा स्विच निकामी करते. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर ठरली. मोखाड्यातल्या कुटुंबासाठी सध्या कॅप्सूल हाच खरा पर्याय आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात वय ४० पर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. तपासणीत एक मेख आहे. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झालं, तर रक्तात 'एस' आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीतच ठरतं. आणि सहा महिन्यांखालच्या बाळात बहुतेक हिमोग्लोबिन गॅमाचं असल्यामुळे, आजार असूनही सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर त्या निगेटिव्हवर न थांबता बाळाची एचपीएलसी चाचणी करून घ्यावी लागते.