टांगत्या कुंडीतील चिनी गुलाब

पावसाळ्यात भुईमुगाच्या किंवा कपाशीच्या ओळीत घोळ उगवते. खुरपून बांधावर टाकली तरी ती चार-आठ दिवस हिरवीच राहते आणि मध्येच एखादी सर आली तर पडल्या जागी पुन्हा मुळे धरते. खुरपणीला जाणाऱ्या भगिनींना हे सांगावे लागत नाही. बागेत किंवा टांगत्या कुंडीत लावला जाणारा चिनी गुलाब हा याच घोळीचा सख्खा भाऊबंद आहे. नावात गुलाब असला तरी गुलाबाशी त्याचे कोणतेही नाते नाही. शास्त्रीय नाव पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा. आपल्याकडे फुले साधारण कचेरीच्या वेळेला उमलतात म्हणून ‘ऑफिस टाइम’ हे नाव रूढ झाले. बंगालमध्ये याला ‘टाइम फूल’ म्हणतात.

ही घोळीची गोष्ट आधी सांगण्याचे कारण असे की, चिनी गुलाबाची जी झाडे मरतात ती बहुतेक पाण्याअभावी मरत नाहीत, जास्त पाण्याने मरतात. हौसेने आणलेली फुललेली कुंडी महिनाभरात काळी पडून बसते आणि ‘आमच्याकडे हे झाड जगत नाही’ असा समज होतो. जी भगिनी रोपे विकून घरखर्चाला हातभार लावते, तिचे तर गिऱ्हाईकच तुटते. म्हणून लागवडीआधी झाडाचा स्वभाव समजून घ्यावा.

हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ब्राझीलचा दक्षिण भाग, उरुग्वे आणि अर्जेंटिना येथील. डॉ. जॉन गिलीज यांना ते अर्जेंटिनात मेंडोझाच्या बाजूला हलक्या, वाळूसर जमिनीत आढळले आणि १८२९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भरपूर ऊन, उथळ व निचऱ्याची जमीन आणि अधूनमधून पडणारा पाऊस, हे त्याचे माहेर. सुईसारखी गोल, मांसल पाने आणि रसदार खोड म्हणजे झाडाची पाण्याची टाकीच होय. शिवाय ज्वारी, मका, ऊस यांच्याप्रमाणे कडक उन्हातही जोमाने अन्न तयार करण्याची पद्धत या झाडात आहे. पाण्याचा ताण पडला की ते आणखी एक युक्ती करते. दिवसा पर्णरंध्रे मिटून घेऊन रात्रीच्या गारव्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड साठवते आणि दिवसा वापरते. असे दुहेरी कसब फारच थोड्या वनस्पतींत आहे. अशा झाडाला रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालणे म्हणजे त्याचा जीव घेणेच.

माती कशी असावी

काळी कसदार माती पिकाला उत्तम, पण चिनी गुलाबाला ती चालत नाही. कुंडीत भरलेली काळी माती पाणी धरून ठेवते, सुकली की आवळते आणि बारीक मुळे आत गुदमरतात. याउलट, ज्या मुरमाड तुकड्यात दुसरे काही धड येत नाही, तिथे हे झाड गालिच्यासारखे पसरते. कुंडीसाठी २ भाग जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, १ भाग पोयट्याची माती आणि १ भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. मूठभर ओले मिश्रण दाबून हात उघडला की गोळा लगेच फुटला पाहिजे. फुटला नाही तर वाळू वाढवावी.

विकत आणलेल्या कुंडीबाबत विशेष काळजी घ्यावी. रोपवाटिकेत वजन कमी ठेवण्यासाठी बरेचदा निव्वळ कोकोपीट भरलेले असते. त्यांच्या शेडमध्ये ठरावीक पाणी दिले जाते, म्हणून तिथे झाड छान दिसते. घरी आणल्यावर वरचा थर कोरडा दिसतो, आपण पाणी घालतो आणि खालचे कोकोपीट मात्र पिळून निघेल इतके ओले असते. अशी कुंडी आणल्यावर आठवडाभराने रोप हलक्या हाताने काढून वरील मिश्रणात लावावे. मुळांभोवतीचे कोकोपीट थोडे झाडून टाकावे, सगळे ओरबाडू नये.

लागवड

बियाणे अतिशय बारीक असते, एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया भरतात. त्यामुळे ते चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून पसरट ट्रेमध्ये टाकावे आणि वरून मातीने झाकू नये, कारण उगवणीला उजेड लागतो. हाताने हलके दाबून ट्रे पाण्यात ठेवावा आणि खालून पाणी शोषू द्यावे. २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमानात ७ ते १४ दिवसांत उगवण होते व पेरणीपासून साधारण ६ ते ८ आठवड्यांत फुले येऊ लागतात. आपल्याकडे थंडी ओसरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरणी करणे सोयीचे. रोपे दाट झाली व ट्रे सतत ओला राहिला तर ती बुडापासून कोलमडतात, म्हणून पातळ पेरावे.

मात्र घरच्यासाठी किंवा विक्रीसाठी सर्वांत खात्रीचा मार्ग छाट कलमाचा. निरोगी फांदीचे ५ ते ८ सें.मी. लांबीचे शेंडे काढावेत, त्यावरील कळ्या व फुले खुडावीत, खालची पाने काढावीत आणि सावलीत तीन-चार तास जखम सुकू द्यावी. मग ते ओलसर वाळूत खोचावेत. उन्हाळ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. संजीवकाची गरज नाही. दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या जातींना छाट कलमच वापरावे. या फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्याने बी कमी धरते आणि जे धरते त्यातून एकेरी-दुहेरी, नाना रंगांची मिसळ उगवते.

अलीकडे रोपवाटिकांत रुंद, चपट्या पानांचा आणि लांब लोंबणाऱ्या फांद्यांचा प्रकारही मुबलक दिसतो. तो पोर्टुलाका अम्ब्रॅटिकोला या दुसऱ्या जातीतला आहे. टांगत्या कुंडीला तो अधिक शोभतो. निगा दोन्हींची सारखीच.

२५ सें.मी. व्यासाच्या कुंडीत ६ ते ८ छाट कडेने व एक मध्ये लावावी. कुंडीच्या तळाला पाच-सहा भोके असावीत. खाली घट्ट बसणारी बशी असेल तर ती काढून टाकावी. सांडणारे पाणी जमिनीवर पडते म्हणून लोक ती ठेवतात, पण मुळे सडण्याचे ते मोठे कारण आहे. लागवडीनंतर तीन आठवड्यांनी शेंडे खुडावेत म्हणजे बगलफुटी वाढतात. खुडलेले शेंडे टाकू नयेत, त्यांचीच पुढची कुंडी तयार होते.

ऊन आणि पाणी

दिवसाकाठी किमान ५ ते ६ तास थेट ऊन हवे. उत्तरेकडच्या सज्जात झाड जगेल, फुलणार नाही. फुले उघडणे हे घड्याळावर नसून उजेडावर व उष्णतेवर अवलंबून आहे. ढगाळ दिवशी ती अर्धवट उमलतात किंवा मिटलेलीच राहतात. एक फूल एकच दिवस टिकते, दुपारनंतर मिटते. कुंडी डोळ्यांच्या उंचीवर टांगावी. फुले आकाशाकडे तोंड करतात, त्यामुळे उंच छताला टांगली तर आपल्याला फक्त पाकळ्यांची पाठ दिसते.

पाणी किती दिवसांनी द्यावे याचे वेळापत्रक सांगता येत नाही. विदर्भात मे महिन्यात लहान कुंडीला रोज पाणी लागेल, तर त्याच कुंडीला नाशिकला डिसेंबरात आठवड्यातून एकदाच पुरेल. त्यापेक्षा पान चाचपून पाहावे. पान टणक, भरलेले असेल तर पाणी नको. मऊ पडून सुरकुतू लागले असेल आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागत असेल तर सकाळच्या वेळी, खालून पाणी निथळेपर्यंत एकदाच भरपूर द्यावे. जमिनीत लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांच्या अंतराने पाणी बहुधा पुरते.

येथे एक फसगत होते ती नीट लक्षात घ्यावी. जास्त पाण्याने मुळे सडली तरीही झाड मलूलच दिसते, कारण सडलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. मलूल झाड पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेसुरले संपवतो. म्हणून झाड मान टाकताना दिसले की प्रथम मातीत बोट दोन पेरे खुपसावे. माती कोरडी असेल तर पाणी द्या, तासा-दोन तासांत झाड सावरू लागते. माती ओली आणि खोड बुडाशी पारदर्शक किंवा काळे असेल तर ते झाड वाचत नाही. त्याच दिवशी वरचे टणक शेंडे कापून नव्या वाळूत लावावेत. उद्यावर टाकल्यास कूज शेंड्यापर्यंत पोहोचते. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

खताची हाव या झाडाला नाही. युरिया मुळीच देऊ नये. पाने माजतात, खोड पोकळ होते, फुले मात्र येत नाहीत. तीन आठवड्यांतून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत १ लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात द्यावे किंवा मूठभर गांडूळखत वरून घालावे.

किडी व तण

मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात. कुंडी एक-दोनच असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपून काढावेत. कुंड्या जास्त असतील तर निंबोळी तेल लिटरला ५ मि.लि. व थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारावे. टांगत्या कुंडीत हा कीटक बरेचदा मुंग्यांबरोबर येतो, म्हणून टांगण्याच्या तारेवर बोटभर ग्रीस लावून ठेवावे. उपाय साधा आहे, पण फवारणीपेक्षा अधिक दिवस पुरतो. पावसाळ्यात गोगलगायी रात्री पाने खातात. त्या हाताने वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

वाफ्यात पेरणी केली असेल तर तण म्हणून घोळ हमखास येते आणि लहानपणी दोघे सारखेच दिसतात. दोन आठवडे थांबावे. घोळीचे पान चमच्यासारखे चपटे होते, चिनी गुलाबाचे सुईसारखे गोल राहते. खुरपलेली घोळ भाजीला चालते. परंतु औषध फवारलेल्या वाफ्यातील घोळ घरात नेऊ नये आणि नात्याने जवळचा आहे म्हणून चिनी गुलाब खाऊ नये.

पावसाळ्यातून वाचवणे

फेब्रुवारी ते मे झाड सांभाळणे अवघड नाही. खरी परीक्षा जूनमध्ये होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर उघड्यावरचे झाड सहसा तग धरत नाही. मे अखेरीस सर्व फांद्या निम्म्यावर छाटाव्यात. छाटणीतून प्रत्येक रंगाचे दहा-बारा शेंडे निवडून पसरट कुंड्यांत निव्वळ जाड वाळूवर लावावेत व पारदर्शक प्लास्टिकच्या छपराखाली, बाजू मोकळ्या ठेवून, उजेडात ठेवावेत. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली रोपे पावसापासून वाचतात, पण लांबट पांढुरकी होऊन मरतात. या काळात पाणी केवळ पाने सुरकुतल्यावर द्यावे. खोडकूज दिसल्यास कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मिसळून मुळाशी थोडे ओतावे. देशावर कमी पावसाच्या भागात कुंडी पन्हाळीच्या धारेखालून हलवली तरी बहुतेक भागते. सप्टेंबर अखेरीस ऊन पडू लागले की याच रोपांतून पुन्हा कुंड्या भरता येतात. डिसेंबर-जानेवारीत फुले कमी होतात, त्याची चिंता नसावी. जानेवारीअखेर छाटणी करावी.

बी धरायचे असल्यास एकेरी फुलांची बोंडे पिवळसर होताच काढावीत. बोंड डबीसारखे असते, पिकले की झाकण आपोआप निघते आणि बी सांडते. कागदावर दोन दिवस सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवावे व पुडीवर वर्ष लिहावे.

विक्रीसाठी

उरुळी कांचनसारख्या परिसरात मोठ्या रोपवाटिका आहेत आणि त्यांच्याशी भावात स्पर्धा करणे घरगुती उत्पादकाला परवडणार नाही. पण आपल्या तालुक्याच्या गावी, मुरूम मिसळलेल्या मिश्रणात मुरवलेली आणि त्यामुळे गिऱ्हाइकाच्या घरी टिकणारी कुंडी देता येते. जानेवारीअखेर छाट लावल्यास गुढीपाडव्याच्या सुमारास कुंडी फुलावर येते. छाट सर्व सारख्याच दिसतात, त्यामुळे फुलावर असतानाच प्रत्येक मातृकुंडीला रंगाची चिठ्ठी बांधून ठेवावी. कुंडीबरोबर ‘पान सुरकुतल्यावरच पाणी, बशी ठेवू नये, ऊन ६ तास’ एवढे लिहिलेला कागद द्यावा. आणि बाजार सकाळचा धरावा. दुपारी तीननंतर भरणाऱ्या बाजारात फुले मिटलेली असतात आणि मिटलेली कुंडी कोणी उचलून पाहत नाही. तेथे जाणे भागच असेल तर फुललेल्या कुंडीचा सकाळी काढलेला फोटो सोबत ठेवावा.