राउटरला लावलेला पेन ड्राइव्ह किती दिवस टिकतो?

दुकानात किंवा घरी बसवलेल्या वायफाय राउटरच्या मागल्या बाजूला पुष्कळदा एक यूएसबी पोर्ट असतो. बहुतेकांकडे तो वर्षानुवर्षे रिकामाच राहतो. पण ज्यांनी राउटरवरील कंपनीचे मूळ फर्मवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी, फ्रेशटोमॅटो किंवा असूसच्या राउटरवर चालणारे मर्लिन यांपैकी एखादे चढवले आहे, त्यांना हा पोर्ट बराच उपयोगी पडतो. तेथे साठवणुकीचे साधन लावले की दुकानातले दोन-तीन संगणक आणि मोबाइल आपल्या फायलींची प्रत एकाच जागी ठेवू शकतात. एम्ब्रॉयडरीचा कारखानदार आपली डिझाइने तेथे ठेवून हव्या त्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो. वेगळा सर्व्हर घेण्याचा खर्च वाचतो. प्रश्न एवढाच, की त्या पोर्टला लावायचे काय?

सर्वसाधारण उत्तर असते, "खिशात आहे तो पेन ड्राइव्ह लाव." हे उत्तर धोक्याचे आहे, आणि व्यापारी बंधूंसाठी तर विशेषच. जीएसटीच्या केंद्रीय कायद्यातील कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपावी लागतात. खात्यात नोटीस आली आणि चार वर्षांपूर्वीची बिले ज्या पेन ड्राइव्हवर होती तो उघडतच नाही, तर "ड्राइव्ह खराब झाला" हे उत्तर कोणाच्या कामाचे नाही. कारागिराचे नुकसान तर पैशात मोजताही येत नाही. डिझाइनची मूळ फाइल गेली की ती पुन्हा बसून काढावी लागते.

राउटरमध्ये जागा का नसते

थोडे मागे जाऊ. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी ५४ जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स चालत होते, आणि लिनक्सच्या परवान्याच्या अटीमुळे कंपनीला २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यावरूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचे काम सुरू झाले. नावातला डब्ल्यूआरटी त्या राउटरचाच. त्या राउटरमध्ये कायमची साठवण होती अवघी ४ एमबी. आजही स्वस्त राउटरमध्ये ८ किंवा १६ एमबीच असते, चांगल्यात १२८ एमबी किंवा अधिक. मोबाइलवरचा एक फोटोदेखील कित्येकदा ४ एमबीहून मोठा असतो, यावरून अंदाज यावा.

म्हणून बाहेरून ड्राइव्ह लावायचा, आणि त्याचे उपयोग दोन. एक, नुसत्या फायली ठेवण्यासाठी. दुसरा, ओपनडब्ल्यूआरटीत ज्याला एक्स्ट्रूट म्हणतात तो. त्यात राउटरच्या सेटिंग व जादा प्रोग्राम हे सगळे यूएसबी ड्राइव्हवर हलवले जाते. पहिल्यात ड्राइव्ह गेला तर फायली जातात. दुसऱ्यात राउटरचे चालणेच ड्राइव्हवर अवलंबून राहते. दोन्हींना एकच माप लावू नये.

झीज कशी होते

पेन ड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसतो, म्हणून तो झिजत नाही असा समज आहे. तो चूक आहे. त्यातली फ्लॅश चिप लिहिण्या-पुसण्याने झिजते. चांगल्या प्रतीच्या जुन्या चिपा (एसएलसी) सुमारे १ लाख वेळा पुसून लिहिता येत. एमएलसीत हा आकडा काही हजारांवर आला, हल्लीच्या टीएलसीत साधारण १ ते ३ हजार, आणि क्यूएलसीत त्याहूनही कमी. जागा वाढली, भाव उतरला, आयुष्य घटले. स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये कोणत्या दर्जाची चिप घातली आहे हे पाकिटावर लिहिलेले नसते. तेच नाव, तेच पाकीट ठेवून कंपन्या आतली चिप बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. मित्राने गेल्या वर्षी घेतलेला चांगला निघाला, म्हणून आपण घेतलेला तसाच असेल असे नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फ्लॅशवर चार अक्षरे बदलायची झाली तरी तेवढीच पुसता येत नाहीत, एक मोठा ठोकळाच पुसावा लागतो. पाटीवरची एक ओळ बदलण्यासाठी सारी पाटी पुसून पुन्हा लिहावी, तसा हा प्रकार. एसएसडीतला कंट्रोलर हुशार असतो. तो लिखाण साठवून, पसरवून, सर्व ठोकळ्यांवर सारखे वाटतो. पेन ड्राइव्हमधला कंट्रोलर बहुधा साधा असतो. त्याची घडण कधीमधी मोठी फाइल टाकून नेण्यासाठी असते. राउटर मात्र चोवीस तास चालतो आणि थोडे थोडे, पण सतत लिहितो. दर ३० सेकंदांनी आकडेवारी नोंदवणारा एखादा प्रोग्राम ड्राइव्हवर लिहायला लावला, तर दिवसातून २८८० वेळा पाटी पुसली जाते, आणि तीही अनेक फायलींसाठी. ओपनडब्ल्यूआरटीचे कर्ते लॉग आणि अशी आकडेवारी मूळ मांडणीत रॅममध्येच ठेवतात, ते याच कारणाने. ती उगाच पेन ड्राइव्हवर नेऊ नये. तसेच राउटरची रॅम अपुरी पडते म्हणून पेन ड्राइव्हवर स्वॅप करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्यासाठी झेडरॅम हा उपाय आहे, त्यात ड्राइव्हला हात लागत नाही.

हिशेबच मांडून पाहू. दुकानातल्या एका कॅमेऱ्याचे चित्रण २ मेगाबिट वेगाने राउटरच्या ड्राइव्हवर जात आहे असे धरा. दिवसाला ते २१.६ जीबी होते. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह तीन दिवसांत भरतो, म्हणजे वर्षाला सुमारे १२० वेळा संपूर्ण लिहिला जातो. आतल्या फेरफारामुळे प्रत्यक्ष झीज तिप्पट धरली तर ३६० वेळा. हलक्या चिपेचे आयुष्य हजार वेळांचे असले, तरी तीन वर्षांच्या आत खेळ संपला. पाचशेचे असले तर दीड वर्षातच. उलट २५० जीबीच्या सॅमसंग ८७० इव्हो या साध्या साटा एसएसडीला कंपनी १५० टेराबाइट लिखाणाची हमी देते. त्याच कॅमेऱ्याला ती मर्यादा गाठायला एकोणीस वर्षे लागतील. इतके वर्ष ती चालेलच असे कोणी म्हणत नाही, पण निदान झिजून तरी मरणार नाही.

येथे खरेदीची पहिली कसोटी मिळते. एसएसडीच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू हा आकडा असतो, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिखाण सोसेल ते. पेन ड्राइव्हवर तो जवळजवळ कधीच नसतो. पाकिटावर ठळक छापलेला वेग हा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे.

मग घ्यावे काय

आमचे मत स्पष्ट आहे. सतत लिखाण होणार असेल किंवा हिशेबाची प्रत ठेवायची असेल, तर लहान साटा एसएसडी आणि तिला यूएसबीचे कव्हर, हेच घ्यावे. १२० किंवा २५० जीबी पुष्कळ झाले. कव्हर असे असावे की स्मार्ट ही तब्येतीची माहिती आरपार दाखवेल. म्हणजे एसएसडी किती झिजली हे अधूनमधून पाहता येते. पेन ड्राइव्ह बहुधा अशी काहीच कल्पना देत नाही, एके दिवशी ओळखच दाखवायचा बंद होतो. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी राउटरला लावण्याच्या भानगडीत पडू नये. ती वीज जास्त खाते, तापते, आणि तिचा वेग राउटरला पेलत नाही. १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला १२ एमबीच जातात, तेथे हजार एमबीचा वेग विकत घेऊन काय करणार?

फक्त एक्स्ट्रूट करायचे असेल आणि लिखाण तुरळक असेल, तर नामवंत कंपनीचा, पाच वर्षांच्या हमीचा १६ किंवा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह चालतो. गाडीतील कॅमेऱ्यांसाठी निघालेली 'हाय एन्ड्युरन्स' मेमरी कार्डे चांगल्या कार्ड रीडरमध्ये घालून वापरणे हाही मधला मार्ग आहे. ती सतत लिखाणासाठीच बनवलेली असतात. नखाएवढे चिमुकले पेन ड्राइव्ह मात्र टाळावेत. ते दिसायला सुबक, पण राउटरच्या अंगाला चिकटून बसतात आणि उष्णता बाहेर टाकायला त्यांना जागाच नसते.

एसएसडी म्हणजे अभेद्य किल्ला असेही समजू नये. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या काही मोठ्या पोर्टेबल एसएसडी अचानक निकामी होत असल्याच्या तक्रारी आल्या, आणि तेव्हाची मालक वेस्टर्न डिजिटल हिला सुधारलेले फर्मवेअर द्यावे लागले. हमी असली तरी ती ड्राइव्ह बदलून देण्याची असते, आतला हिशेब परत देण्याची नसते.

आता वीज. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे. पण राउटरचा अडॅप्टर जेमतेम असेल तर तेवढेही मिळत नाहीत. फिरणारी हार्ड डिस्क सुरू होताना जवळपास १ अँपिअर ओढते. मग कधी ती चालू होत नाही, कधी राउटरच बंद-चालू होत राहतो. लोक डिस्कला दोष देतात, दोष अडॅप्टरचा असतो. अशा वेळी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब वापरावा. आपल्याकडे वीज जाण्याचे प्रमाण पाहता राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस हाही ड्राइव्हच्या आयुष्याचाच भाग समजावा, कारण लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धवट राहते. त्यासाठीच ड्राइव्ह एक्स्ट ४ पद्धतीने फॉरमॅट करावा. फॅट ३२ किंवा एक्सफॅटमध्ये अर्धवट लिखाण सावरण्याची सोय नाही, आणि एक्स्ट्रूट तर त्यांवर चालतच नाही. सोबत 'नोएटाइम' ही सेटिंग ठेवली की नुसती फाइल वाचल्याने होणारे लिखाण वाचते.

एक चमत्कारिक वाटणारी, पण खरी गोष्ट. यूएसबी ३ चे साधन चालू असताना जो रेडिओ गोंगाट होतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये यावर निबंधच प्रसिद्ध केला होता. ड्राइव्ह लावल्यापासून वायफाय मंदावले असेल, तर यूएसबी २ ची हातभर एक्स्टेंशन केबल मध्ये घालावी. वेग यूएसबी २ चा होतो, गोंगाट थांबतो, आणि ड्राइव्ह राउटरच्या उष्णतेपासूनही दूर जातो. तीन कामे एका केबलीत.

घेतल्यावर आधी तपासा

बाजारात १ टीबी, २ टीबी लिहिलेले पेन ड्राइव्ह हास्यास्पद भावात मिळतात. त्यांत कंट्रोलरला खोटे बोलायला शिकवलेले असते. संगणक २ टीबी दाखवतो, आत चिप ३२ जीबीची. त्यापुढचे लिखाण कुठेच जात नाही, किंवा जुन्यावरच पडते, आणि हे कळते तेव्हा महिने उलटलेले असतात. म्हणून नवा ड्राइव्ह आला की आधी संपूर्ण भरून वाचून पाहावा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे फुकट प्रोग्राम नेमके हेच करतात. ६४ जीबीला तास-दीड तास, संथ ड्राइव्हला त्याहून जास्त लागेल. तेवढा वेळ द्यावा, आणि बिल फाडू नये. मात्र ६४ जीबीच्या जागी ५९.६ दिसले तर दुकानदाराशी भांडू नये. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने, एवढाच तो फरक.

एक्स्ट्रूट करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. ड्राइव्ह निकामी झाला किंवा वेळेवर जागा झाला नाही, तर राउटर बंद पडत नाही, तो आपल्या आतल्या जुन्या सेटिंगवर सुरू होतो. एक्स्ट्रूट करण्याआधी आत काहीच भरलेले नसेल, तर राउटर कोऱ्या अवस्थेत उठतो. वायफाय बंद, पासवर्ड नाही. सकाळी दुकान उघडावे तर यूपीआयचा मोबाइलही नेटला जोडेना, अशी अवस्था होते. म्हणून ड्राइव्ह जोडण्याआधीच पासवर्ड, वायफायचे नाव आणि नेटची जोडणी आतल्या जागेत भरून ठेवावी. मग ड्राइव्ह मेला तरी धंदा चालू राहतो. ड्राइव्ह उशिरा जागा होत असेल तर एफएसटॅबच्या सेटिंगमध्ये 'डिले रूट' म्हणून काही सेकंद थांबण्याची सोय आहे, ती वापरावी. फर्मवेअरची नवी आवृत्ती चढवली की एक्स्ट्रूट पुन्हा बसवावे लागते, हे धरूनच चालावे.

हिशेबाचा चालू कामाचा डेटा संगणकाच्याच डिस्कवर राहू द्यावा. राउटरच्या ड्राइव्हवर रोज रात्री त्याची प्रत जावी. तो ड्राइव्ह इंटरनेटच्या बाजूने कोणालाही दिसता कामा नये, दुकानाच्या आतल्या नेटवर्कपुरताच उघडा ठेवावा. आणि महिन्यातून एकदा सगळे तिसऱ्या एखाद्या डिस्कवर उतरवून ती दुकानात नव्हे, घरी ठेवावी. त्या डिस्कवरची दोन-चार जुनी बिले दर खेपेला उघडून पाहावीत.