आंबिया तोडणीआधी पिकअपचे पाटे पाहा
आंबिया संत्र्याची तोडणी जवळ आली की काटोल-नरखेडकडच्या जुन्या टाटा २०७ अन् महिंद्रा पिकअप मिस्त्रीकडे जातात. मागे दोन पाटे जास्तीचे टाका, म्हणजे गाडी बसत नाही, असा सल्ला मिळतो. बसत नाही हे खरं. पण पाटा वाकला नाही की धक्का सरळ चासीला आणि मालाला. गाडी कमी भरलेली असली तर मागून उड्या मारते, ब्रेक दाबला की चाक सरकतं. आणि संत्र्याला बसलेला मार लगेच दिसत नाही. कळमन्याहून माल पुढे गेला की फळ नरम पडतं.

आरसीतलं वजन पाट्यांनी वाढत नाही. जादा भरलं तर २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. नियमाबाहेरच्या बदलाला ५,००० वेगळे.

खर्च करायचाच तर थकलेला संच बदला. कंपनीने दिले तेवढेच पाटे, दोन्ही बाजूंचे एकदम. यू-बोल्ट नवे घ्या, थोडी गाडी चालवून पुन्हा कसा. शॉकअपमधून तेल गळतं का, बुश झिजले का, तेही बघा.

मग चासी धुवा. पाटे जिथं अडकवले आहेत तिथं गंजाची बारीक रेघ दिसली तर ती बहुतेक चीर असते. वरून वेल्डिंगची टिकली मारून भागत नाही, जाणत्या कारागिराला दाखवा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा. चीर मोठी असेल तर यंदा भाड्याची गाडी लावा.