गाडी सुरू होत नाही? आधी तपासा, मग पार्ट बदला

दिवाळीच्या नि मे महिन्याच्या सुट्टीत म्हैसूरला कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या गाड्या हमखास दिसतात. राजवाडा झाला की दुसऱ्या दिवशी कृष्णराजसागर. म्हैसूरहून बेळगोळमार्गे धरणाकडे जायचं, वृंदावन बागेतली रोषणाई बघायची आणि रात्री परतायचं, असा ठरलेला बेत. परतताना चावी फिरवावी आणि गाडीने नुसतं ‘टक्’ करावं, असं कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. मुलं पेंगुळलेली, भाषा परकी, खिशात सहलीपुरतेच पैसे. अशा वेळी चार माणसं जमतात आणि चार निदानं ऐकायला मिळतात. त्यातली काही निव्वळ गैरसमजावर उभी असतात आणि त्यांची किंमत हजारांत जाते.

सगळ्यांत पसरलेला गैरसमज हा: “दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे.” डॅशबोर्डच्या दिव्यांना नि हॉर्नला थोडेच अँपिअर पुरतात. सेल्फला इंजिन फिरवायला मात्र शंभराच्या वर अँपिअर लागतात, डिझेल गाडीत त्याहूनही बरेच जास्त. अर्धी उतरलेली बॅटरी दिवे आरामात लावते आणि सेल्फ मारताच मान टाकते.

खरी परीक्षा फुकटात होते. हेडलाइट लावा, एकाने समोर उभं राहून बघावं, दुसऱ्याने सेल्फ मारावा. दिवे एकदम विझू लागले आणि इंजिन हललंच नाही, तर बहुतेक वेळा दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलांत असतो. दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल्फ गप्प, तर सेल्फपर्यंत करंटच जात नाही: रिले, सोलेनॉइड, चावीचा स्विच किंवा क्लचचा स्विच बघा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ मारत नाहीत. पायाखाली सरकलेलं मॅट क्लच अडवतं आणि माणूस टोइंगवाल्याला फोन लावतो. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे ना, हे आधी पाहावं. दिवे जरासे मंद झाले आणि इंजिन नेहमीसारखं फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ दोघंही निर्दोष आहेत. तिथे नवी बॅटरी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

तीन-पाचशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. तुटपुंज्या बजेटवाल्याने गाडीसाठी एकच अवजार घ्यायचं तर हेच घ्यावं. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण उभ्या गाडीतला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सेल्फ मारत असताना मीटर बघा: आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून थकलेली असू शकते.

आता ज्या दोषापायी लोक विनाकारण बॅटरी नि सेल्फ दोन्ही बदलतात, तो सविस्तर सांगतो. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी साचते. ती दिसते तरी. न दिसणारा शत्रू म्हणजे अर्थची तार: बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी जाड पट्टी. तिच्या बोल्टखाली गंज चढला की बॅटरी भरलेली, सेल्फ चांगला, तरी इंजिन रडतखडत फिरतं. तपासायचं असं: मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर (तारेच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर) आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सगळं नीट असेल तर आकडा शून्याच्या आसपास, फार तर ०.२ राहतो. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर सेल्फच्या हक्काचा करंट वाटेतच अडतोय. मीटर नसेल तर जंपर केबलची एक तार मायनस खुंटीपासून इंजिनच्या धातूपर्यंत जोडून बघा. गाडी झटक्यात फिरली तर दोषी सापडला. इलाज म्हणजे बोल्ट सोडणं, सँडपेपरने चकचकीत घासणं, पुन्हा घट्ट आवळणं. टर्मिनल साफ करायला कोमट पाणी नि खाण्याचा सोडा पुरतो. फक्त मायनसची तार आधी काढा आणि शेवटी लावा, म्हणजे पान्याने शॉर्ट होत नाही.

“धक्का मारा, कुठलीही गाडी सुरू होते.” ही समजूत एके काळी खरी होती. म्हैसूरच्याच यादवगिरीत आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा आणि येझदी मोटारसायकली बनत. त्यांच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानेच उतरायचं. एक ठिणगी मिळाली की काम झालं. अँबॅसेडर, पद्मिनीचा पेट्रोल पंपही इंजिनच्याच जोरावर चाले. आजच्या गाडीत पंप विजेचा, इंजेक्टर विजेचे आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा ईसीयूही विजेचा. मारुती ८०० मध्येसुद्धा २००० सालापासून एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरची पद्धत, आली. बॅटरीत दिवे लावण्याइतका जीव असेल तर मॅन्युअल गाडी धक्क्याने सुरू होईल. डॅशबोर्ड पूर्ण काळा असेल तर कितीही ढकला, व्यर्थ आहे. ऑटोमॅटिक गाडी ढकलूच नये. इंजिन बंद असताना ब्रेकला नि स्टिअरिंगला नेहमीची मदत मिळत नाही, म्हणून उतारावर हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. जंपर केबल जवळ ठेवणं केव्हाही बरं. तिचा शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता त्या गाडीच्या इंजिनच्या धातूवर लावा; बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो.

जंपने गाडी सुरू झाली की कुणीतरी सांगतं, “चालू इंजिनवर बॅटरीची तार काढ, बंद पडली तर अल्टरनेटर गेला.” हे कृपा करून कधीही करू नका. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत ते खपून जायचं. अल्टरनेटरच्या गाडीत तार काढल्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जळू शकतो. इथेही मीटरच लावा: इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. १२ च्या घरातच अडकलं तर नवी बॅटरीही दोन दिवसांत बसेल. आधी पट्टा नि अल्टरनेटर बघा.

इंजिन फिरतं पण पेटत नाही, तेव्हा चावी ‘ऑन’ करून कान द्या. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घूं ऐकू यायला हवी. नसेल तर पंपाचा फ्यूज, मग रिले. शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून बघायला पैसा लागत नाही. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाही, दुसरी चावी लावा. पण इंजिन नेहमीपेक्षा हलकं नि भरभर फिरतंय असं वाटलं, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. तिथे सेल्फ मारणं थांबवा. व्हॉल्व्ह वाकले तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दलही भाबडा विश्वास दिसतो. स्कॅनर कुठल्या सर्किटमध्ये बिघाड आहे ते सांगतो, कुठला पार्ट बदला ते नाही. क्रँक सेन्सरचा कोड आला तरी सेन्सर चांगला आणि वायर उंदराने कुरतडलेली, असं होतं. मंड्याच्या ऊस-भाताच्या पट्ट्यात काय किंवा आपल्याकडे कृष्णाकाठी काय, शेताच्या कडेला गाडी उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये शिरतात. आधी बॉनेट उघडून टॉर्चने वायरिंग बघा. गंजलेल्या अर्थचा तर स्कॅनरला बहुधा पत्ताही लागत नाही.

आणि सेल्फ खरंच गेला असेल, तरी पूर्ण नवा घ्यायची घाई करू नका. पुष्कळदा कार्बन ब्रश, बुश किंवा सोलेनॉइड तेवढं झिजलेलं असतं आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो.

मेकॅनिकला बोलवण्याआधी विम्याचे कागद काढा. रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर टोइंगचे पैसे वाचतील. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा. मेकॅनिकशी बोलताना “गाडी सुरू होत नाही” एवढंच सांगू नका. चावी फिरवल्यावर कुठला आवाज आला, दिव्यांचं काय झालं, मीटरवर किती व्होल्ट दिसले, हे तिन्ही सांगा. सेल्फ, बॅटरी, फ्यूज हे शब्द कर्नाटकातही तेच आहेत. आणि पार्ट बदललाच, तर जुना मागून घ्या.