'सुजाता', चंडालिका आणि अवदानाचा उत्तरार्ध

पूर्वी जातककथा व अवदाने लोकमनावर जे संस्कार करीत, ते कार्य आज बऱ्याच अंशी चित्रपट व दूरचित्रवाणीवरील मालिका करीत आहेत. म्हणून समाजरचनेच्या तळाशी ठेवल्या गेलेल्या माणसाला पडद्यावर कोणते स्थान मिळते, याचा विचार धम्माच्या अभ्यासकांनीही करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्यासाठी बिमल रॉय यांचा 'सुजाता' (१९५९) हा हिंदी चित्रपट घेत आहोत. कारण त्यात गुंफलेल्या एका कथेचे मूळ बौद्ध वाङ्मयात आहे.

सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवर आधारलेल्या या चित्रपटात एका अभियंत्याच्या सुखवस्तू घरी अस्पृश्य मजुरांची अनाथ मुलगी वाढते. घरात तिला माया मिळते, परंतु पाहुण्यांसमोर तिची ओळख 'मुलगी' अशी न देता 'मुलीसारखी' अशी दिली जाते. घरच्या कन्येसाठी योजलेला ब्राह्मण तरुण सुजातेवरच प्रेम करू लागतो आणि घर अस्वस्थ होते. याच चित्रपटात रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'चंडालिका' नाट्याची कथा येते. भिक्षू आनंद एका चांडाल मुलीकडे पाणी मागतात व त्या एका मागणीने तिला आपल्या माणूसपणाची जाणीव होते, ही ती कथा.

रवींद्रनाथांनी 'चंडालिका' १९३३ साली लिहिली. तिचे कथाबीज त्यांना राजेंद्रलाल मित्र यांच्या नेपाळमधील संस्कृत बौद्ध साहित्यावरील ग्रंथात (१८८२) मिळाले होते. मूळ कथा 'दिव्यावदान' या संग्रहातील 'शार्दूलकर्णावदाना'त आहे. तेथे मुलीचे नाव प्रकृती असून ती मातंग कुळातील आहे. पाण्याचा प्रसंग, मातेने केलेला मंत्रप्रयोग आणि आनंदांची सुटका एवढ्यावर ते अवदान संपत नाही. भगवान बुद्ध प्रकृतीला संघात प्रवेश देतात. त्यामुळे श्रावस्तीतील ब्राह्मण व गृहस्थ क्षुब्ध होतात आणि राजा प्रसेनजितही विचारणा करण्यास येतो. तेव्हा भगवान एक पूर्वजन्मकथा सांगतात.

त्या कथेत त्रिशंकू नावाचा मातंगराजा आपला पुत्र शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाच्या कन्येला मागणी घालतो. ब्राह्मण संतापून त्याचा अपमान करतो. त्रिशंकू मात्र क्षमा मागत नाही किंवा दयेची याचना करीत नाही. तो वाद घालतो. पशू, पक्षी व वृक्ष यांच्या जाती त्यांच्या शरीरचिन्हांवरून वेगळ्या ओळखता येतात; माणसामाणसांत असे कोणते चिन्ह आहे, असा त्याचा प्रश्न आहे. पाली सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तातही हाच युक्तिवाद आढळतो. अखेर पुष्करसारी निरुत्तर होतो व कन्या देतो. तो त्रिशंकू म्हणजे पूर्वजन्मीचे स्वतः बुद्ध होत, असे अवदान सांगते.

रवींद्रनाथांना एका मुलीच्या मनातील खळबळ रंगवावयाची होती. म्हणून त्यांनी पूर्वार्ध घेतला. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु 'सुजाता' तर मातंगकन्या व ब्राह्मणपुत्र यांच्या विवाहाचीच गोष्ट आहे, म्हणजे उत्तरार्धाचाच विषय. तेथे हा प्रश्न वादाने सुटत नाही. पालनकर्ती माता जिन्यावरून पडते, तिला रक्त हवे असते, ते सुजातेचेच जुळते आणि मग मातेचे हृदयपरिवर्तन होते. सर्वांचे रक्त सारखेच, हा बोध चांगला आहे. पण ज्यांनी भेद पाळला त्यांना कोणी जाब विचारत नाही. जिने भेद सोसला तिलाच आपली योग्यता रक्त देऊन सिद्ध करावी लागते. 'अछूत कन्या' (१९३६) मध्ये तर नायिका रेल्वेच्या फाटकावर प्राणच देते. त्याच वर्षी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील आपले लाहोरसाठी लिहिलेले भाषण प्रसिद्ध करून, जातीला आधार देणाऱ्या शास्त्रांच्या प्रामाण्यावरच आघात केला होता.

पुढे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या मराठी चित्रपटात ही मांडणी पालटलेली दिसते. कैकाडी कुटुंबातील जब्याला गावासाठी डुक्कर पकडावे लागते आणि वर्गमित्र ते पाहून हसतात. मेलेले डुक्कर शाळेच्या ज्या भिंतीवरून वाहून नेले जाते, तिच्यावर बाबासाहेब व सावित्रीबाई यांची चित्रे आहेत. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. जब्याकडून येथे कोणत्याही त्यागाची अपेक्षा केलेली नाही. उत्तर देण्याची पाळी हसणाऱ्यांवर आणि पाहणाऱ्यांवर येते. त्रिशंकूने पुष्करसारीला ज्या जागी आणून उभे केले होते, तीच ही जागा होय.

आपल्या घरांतील मुले हेच चित्रपट आणि मालिका पाहून मोठी होत आहेत. सोशिक व त्यागी राहिलो तरच समाज आपल्याला स्वीकारील, असा समज त्यांच्या मनात रुजणे घातक आहे. म्हणून उपासक-उपासिकांनी मुलांसमवेत चित्रपट पाहताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : या कथेत योग्यता सिद्ध करण्याचा भार कोणावर टाकला आहे, आणि भेद पाळणाऱ्याला कोणी प्रश्न विचारतो काय? विहारांतील वर्गांत 'सुजाता' दाखवून त्यानंतर शार्दूलकर्णावदानाचा उत्तरार्ध वाचला जावा, अशी आमची सूचना आहे.