एंजिनाचें तेल किती दाट असावें?

सावर्डे व आसपासच्या गांवांतील ज्या घरीं पूर्वीं केवळ पंपाचें एंजिन असे, तेथें आतां पॉवर टिलरशेजारीं टर्बो बसविलेली वेगवान मोटारही उभी दिसते. टिलरसाठीं आणलेलें दाट तेल मोटारींतही ओतावें काय, असें सभासद आम्हांस विचारतात. दाट तेल तें चांगलें तेल, अशी समजूत त्यामागें असते. ती अर्धीच खरी आहे.

१८८३ सालीं इंग्लंडांत टॉवर नांवाचे इंजिनियर आगगाडीच्या आंसाचें बेअरिंग तपाशीत होते. वरच्या भोंकांतून तेल उसळूं लागलें, म्हणून त्यांनीं लांकडी बूच मारिलें. तेलानें तेंही बाहेर लोटिलें. फिरणारा आंस तेल आपल्याबरोबर ओढून नेतो व त्यास इतका दाब येतो कीं, आंस तेलावर तरंगतो, हें त्यावरून कळलें. रेनॉल्ड्स यांनीं १८८६ सालीं याचें गणित मांडिलें. तेल दाट व वेग अधिक, तर पापुद्रा जाड. भार अधिक, तर तो पातळ. पापुद्रा तुटला कीं धातूस धातु लागतो व बेअरिंगचें मऊ अस्तर झिजतें.

म्हणून भरलेली मोटार कुंभार्ली घाटांत वरच्या गियरमध्यें रेटीत चढविणें हें बेअरिंगास सपाट रस्त्यावरील वेगापेक्षां बहुधा अधिक जाचक होतें. तेल तापून पातळ झालेलें, वेग थोडा, भार पुरा. तेथें गियर उतरविणें हाच पहिला उपाय, आणि त्यास पैसा पडत नाहीं!

डब्यावर '१५डब्ल्यू-४०' असें लिहिलेलें असतें. पहिला आंकडा थंडीचा. १५डब्ल्यू तेलाची एक परीक्षा शून्याखालीं २० अंशांवर घेतात. सावर्ड्यास तशी थंडी कधींच पडत नाहीं. आपणांस पाहावयाचा तो दुसरा. १०० अंश उष्णतेस ३० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० चा १२.५ ते १६.३ व ५० चा १६.३ ते २१.९ असतो.

मग सर्वत्र ५० च कां घालूं नये? अति दाट तेल सकाळीं एंजिन सुरू होतांना बेअरिंगपाशीं उशिरा पोंचतें. दाबाचा कांटा वर चढतो खरा, परंतु पंपाची झडप उघडून बरेंचसें तेल परत फिरतें. शिवाय अंतर्गत घर्षणानें तें स्वतःच तापतें व पातळ होतें. टर्बोचा आंस मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो. त्यास वाट पाहावयास सवड नसते.

यास्तव मोटारीबरोबर आलेलें पुस्तक आधीं पाहावें. त्यांत ३० व ४० दोन्ही चालतात असें असेल आणि घाट व ओझें नित्याचें असेल, तर आम्ही ४० पसंत करूं. केवळ २० च सांगितलें असल्यास आपली अक्कल चालवूं नये.

पावसाळ्यांत स्टेशन-बाजार अशा आंखूड खेपांनीं एंजिन पुरतें तापत नाहीं व न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरतें. पट्टीवर तेल वाढलेलें दिसलें व त्यास पेट्रोलचा वास आला, तर तें तत्काळ बदलावें. मग डब्यावरचा आंकडा कोणताही असो.