चंद्राला एक, गुरूला दुसरा

दुर्बिणीसाठी कॅमेरा घ्यायला गेलो तर दुकानदार मेगापिक्सेलच मोजत सुटला. चोवीस, बत्तीस, पंचेचाळीस! मीही भुललो. गच्चीवर आठ इंची दुर्बिणीला तो डीएसएलआर जोडला आणि चंद्र झकास आला. दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, त्यामुळे सेन्सरवर चंद्रबिंब साधारण ११ मिलिमीटरचं पडतं, चौकटीत नेमकं मावतं. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडकच. प्रकाशाला तोटा नाही.

मग गुरूकडे वळलो आणि फजिती झाली. त्याच दुर्बिणीतून गुरू जेमतेम पाव मिलिमीटरचा! बाकीचे पिक्सेल नुसता काळोख टिपत बसले. त्यात वरची हवा खदखदती. तापलेल्या तव्यावरून पलीकडचं पाहावं तसं बिंब थरथरतं. यावर एकच उपाय : व्हिडिओत भराभर हजारो फ्रेम घ्यायच्या, स्थिर तेवढ्या निवडायच्या, एकावर एक रचायच्या. ऑटोस्टॅकर्ट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ते करतं. घाई मात्र हवी. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपलीकडे लांबला की बारकावे फिसकटतात.

म्हणून ग्रहांसाठी मी लॅपटॉपला जोडायचा, लहान सेन्सरचा, वेगवान कॅमेरा घेतला. तो फक्त १.२ मेगापिक्सेलचा आहे. डबीएवढ्या त्या वस्तूची किंमत ऐकून बायकोने कपाळाला हात लावला. पण गुरूचे पट्टे पहिल्यांदा उमटले, तेव्हा लॅपटॉपसमोरची खुर्ची तिनेच बळकावली होती.